पहिल्या पंगतीतली साखराबाई

रोमला जाऊन लॅटिन शिकून आलेल्या यशोधरेला घरादाराचे सगळे शब्द पाठ होते. डोमुस म्हणजे घर, विकीनुस म्हणजे शेजारी, होस्पेस म्हणजे पाहुणा. या शब्दांवर तेलगावात कुणी पसाभर दळण दळून देणार नाही, असं तिचा बाप आश्रुबा म्हणे. पण म्हणताना त्याची छाती फुगलेली असे.

ती लहान असताना आई-बाप दर हिवाळ्यात ऊसतोडीला जात. पोरीची शाळा बुडू नये म्हणून शेजारच्या मेंढरंवाल्या साखराबाईने तिला आपल्या घरी ठेवून घेतलं, आपल्या ताटात जेवू घातलं, आपल्या गोधडीत निजवलं. साखराबाईच्या भावकीने जातीवरून नाकं मुरडली, तर तिने भावकीलाच दारातून वाटेला लावलं. यशोधरेने हे कधी विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नव्हतं. म्हणून नव्या घराच्या जेवणाला, बुद्धवंदना आटोपताच, तिने साखराबाईला पहिल्या पंगतीत मधोमध बसवलं, गळ्यात हार घातला आणि स्वतः वाढायला उभी राहिली.

साखराबाईने घास मोडला नाही. हार काढून बाजूला ठेवला आणि उठून चपला शोधू लागली. जिच्यामुळे हे घर उभं राहिलं तीच उपाशी चालली होती. भाजी तिखट झाली का, कुणी काही बोललं का, सगळं यशोधरेने विचारून पाहिलं. शेवटी म्हातारी बोलली.

"पहिल्या पंगतीला पाव्हणे बसतेत. घरचे मागून जेवतेत. मी कवापासून पाव्हणी झाले गं?"

यशोधरेला आणखी एक शब्द आठवला, फामिलिया. रोमन लोक फामिलियात, म्हणजे कुटुंबात, रक्त बघत नसत, मालकाच्या छपराखालचा गुलामसुद्धा त्यात धरत. पण साखराबाईच्या छपराखाली मालक कुणीच नव्हता, नुसती माया होती. त्या मायेला पुरेल असा शब्द रोमलाही मिळाला नव्हता, आणि अशा बाईला तिने होस्पेस करून बसवलं होतं.

"चुकलं माजं, साखरामाय," म्हणत तिने वरणाची बादली तिच्या हातात दिली.

साखराबाईने पदर खोचला. पंगतीमागून पंगत वाढली, वरण सांडलं म्हणून आश्रुबालाही झापलं, आणि तो पोरासारखा हसला.

पाहुणे पांगले तसा साखराबाईचा मुलगा सिदू मोटारसायकल घेऊन आला आणि चल म्हणाला. स्वयंपाकघरात यशोधरेच्याच ताटात भाकरी कुस्करणाऱ्या म्हातारीने मानही वर केली नाही.

"तू हो म्होरं. आमी घरचे आत्ता कुठं जेवायला बसलोत."