लाल वळ्याचा तलंगा

पाच तलंगे होते, वयात येऊ लागलेले कोंबडे, आणि ठेवायचा होता एकच. नऊ कोंबड्यांत दुसरा कोंबडा सोडला तर त्या बिचाऱ्यांच्या पाठीवर पीस उरत नाही. राहिलेले चार शनिवारी कापायचे आणि पिसं काढायला शेजारची ग्लेनिस येणार, असं ठरलं होतं. ठेवायचा तो निवडण्याचं काम चाळीस वर्षं माझ्या नवऱ्याचं, व्हर्नचं. तलंगा पारखावा तर व्हर्ननंच, असं आमच्या ह्युऑन खोऱ्यात सगळे म्हणायचे. तोही ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

पाचही ऑस्ट्रलॉर्प जातीचे, काळे कुळकुळीत, एकासारखा एक. म्हणून पायांत रंगीत वळी घातलेली. त्यातला लाल वळ्याचा घरात वाढला होता. ऑक्टोबरात पिल्लं अंड्यांतून बाहेर आली त्याच आठवड्यात व्हर्न इस्पितळातून घरी आला. पक्षाघातानं उजवा हात लुळा, बोलताना शब्द अडखळत. पिल्लांतलं एक अशक्त निघालं, कोंबडी त्याला पंखाखाली घेईना. मी ते खोक्यात घालून चुलीपाशी ठेवलं, व्हर्नच्या खुर्चीशेजारी. हाताच्या व्यायामासाठी दिलेला रबरी चेंडू त्यानं भिंतीवर भिरकावून दिला होता. पण उकडलेलं अंडं त्याच लुळ्या बोटांनी कुस्करून तो पिल्लाला भरवत बसायचा. दोन महिन्यांत पिल्लू टुणकन त्याच्या मांडीवर उडी मारायला लागलं आणि हा काठी टेकत अंगणापर्यंत जायला लागला. त्या पिल्लाचे उपकार मी विसरणार नाही.

अडचण तीच होती. मांडीवर वाढलेला तलंगा ठेवायचा नाही, हे व्हर्ननंच मला लग्नाच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं. बाकीचे माणसाला बिचकून असतात. हा बिचकत नाही. वयात आला की माणसालाही दुसरा कोंबडाच समजतो आणि अंगावर येतो. परवा माझ्या गमबुटांवर त्यानं दोनदा झडप घातली होती. व्हर्न रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतो, काठीच्या आधारानं उभा राहतो. त्याला या कोंबड्यानं पाडलं तर काय होईल, ते मला नीट कळत होतं. तरी मी गमबुटांचं त्याला सांगितलं नाही. इतकं सगळं हातचं गेलेल्या माणसाला त्याचं पाखरू मार म्हणून सांगायची माझी छाती झाली नाही.

शुक्रवारी मी ग्लेनिसला फोन केला.

"उद्या लाल वळ्याचाच ठेवायचाय. तू तोंड मिटून बस."

"लॉर्ना, डोकं फिरलंय का तुझं? तो व्हर्नला फाडून काढेल."

"मी झाडू घेऊन मागे उभी राहीन."

"जन्मभर?"

मी फोन ठेवला. ग्लेनिसला खरं बोलायचा रोगच आहे.

शनिवारी सकाळी ती चाकू आणि रबरी एप्रन घेऊन आली. पातेल्यात पाणी तापत होतं. कोंबड्यांच्या जाळीआड व्हर्न खुर्ची टाकून बसला होता, मांडीवर गव्हाचं डबडं.

"व्हर्न, लालच ठेवू या," मी लाडीगोडी लावत म्हटलं. "दिसायलाही तोच देखणा आहे."

त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. मूठभर गहू फेकला. त्याची परीक्षा एवढीच. दाणा दिसल्यावर जो कोंबड्यांना हाका मारून बोलावतो आणि स्वतः मागे थांबतो, तो ठेवायचा. पिवळा आणि हिरवा अधाशासारखे तुटून पडले. निळ्यानं चार दाणे टिपले आणि मग हाका मारल्या. पांढऱ्या वळ्याचा नुसता कुकुकु करत उभा राहिला, शेवटली कोंबडी खाईपर्यंत. लाल या भानगडीत पडलाच नाही. तो उडी मारून व्हर्नच्या मांडीवर बसला आणि डबड्यातच चोच घातली.

व्हर्ननं उजव्या हातानं त्याची मान खाजवली. बराच वेळ खाजवत राहिला.

"पांढरा," तो म्हणाला. "हा... कापायचा."

"अरे, पण—"

"गमबूट. मी खिडकीतून... पाहिलं."

ग्लेनिसनं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मला रडूच फुटलं. "मग कुणाला तरी देऊन टाकू," मी म्हटलं.

"कुणाचे पाय... फाडायला?"

लालला त्यानं स्वतःच धरलं. जुन्या टॉवेलात गुंडाळून, छातीशी घेऊन, ठोकळ्यापर्यंत चालत आणलं. काठी माझ्याकडे दिली होती. पाखरू निवांत होतं, त्या हाताची त्याला सवयच होती. कुऱ्हाड मी चालवली. मग टॉवेल शांत होईपर्यंत व्हर्ननं तो सोडला नाही.

ग्लेनिस पिसं काढायला बसली. व्हर्न परत जाळीत आला. डोळे लाल झाले होते. मला वाटलं, आता कोंबड्याबद्दल काही बोलेल.

"पाच महिने," तो म्हणाला, "तू मला... हो ला हो. चहा गार असला तरी हो. मी चुकलो... तरी हो. आज लाल ठेवू म्हणालीस. तुला ठाऊक होतं."

"तुला वाईट वाटू नये म्हणून रे."

"मला वेड्यात... काढलंस."

खरंच होतं ते.

"आता सांग," तो म्हणाला. "पांढरा बरोबर?"

हो म्हणायला मी तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. मग जाळीच्या कोपऱ्यात जाऊन पांढऱ्याला पकडलं आणि उलटा करून त्याचा डावा पाय व्हर्नच्या नाकासमोर धरला.

"नाही. हे बोट बघ, वाकडं आहे. सगळ्या पिल्लांत उतरेल. मी असते तर निळा ठेवला असता."

"निळा? अधाशी मेला!"

"चार दाणे खाल्ले, तेवढ्यानं अधाशी? आणि तू नाश्त्याला काय करतोस?"

"तुला काय कळतंय... कोंबड्यांतलं, बये!"

"चाळीस वर्षं शेण तर मीच काढतेय त्यांचं!"

व्हर्ननं माझ्या हातून पांढरा हिसकावून घेतला, उजव्याच हातानं. मी निळ्याला पकडून काखोटीला मारलं. ग्लेनिस तिकडून ओरडली की पाणी गार होतंय, एकदाचं काय ते ठरवा. आम्ही तिच्याकडे लक्ष दिलं नाही. मी बोटाबद्दल बोलत होते आणि तो माझ्यावर खेकसत होता, आणि मला इतकं बरं वाटत होतं की मी मुद्दाम आवाज आणखी चढवला.