फ्यूजला गुंडाळलेला चंदेरी कागद

मी एक जुना अँप्लिफायर आहे, गिटारचा आवाज मोठा करणारा. आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी चिडलेला आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना उसासे टाकतात, डोळ्यांत पाणी आणतात म्हणे. मला ते परवडणार नाही. माझ्यात पाणी शिरलं तर माझं काही खरं नाही.

बैरूतच्या बुर्ज हम्मूद भागात उस्ता, म्हणजे उस्ताद, नुबार यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. मोडीत निघालेल्या रेडिओचे व्हॉल्व्ह, बंद पडलेल्या सिनेमागृहातला स्पीकर आणि कुणाच्या तरी कपाटाच्या अक्रोडी फळ्या यांतून त्यांनी मला एका हिवाळ्यात घडवलं. पहिल्यांदा तापलो तेव्हा माझ्यातून घरघर निघाली. उस्ता म्हणाले, "थोडा घोरतोय. घोरू दे, आपणही घोरतोच की."

तिथून मला लामियाने नेलं. एकोणीस वर्षांची, हातावर शाईने गाण्याच्या ओळी लिहिलेली मुलगी. उस्तांनी तिला माझी पाठ उघडून दाखवली. "पोरी, हा फ्यूज. हा उडाला तर समज, तो तुला 'पुरे' म्हणतोय. का उडाला ते आधी शोध. त्याला कधी फसवू नकोस." लामियाने मान डोलावली. ती मान माझ्या चांगली लक्षात आहे.

लामिया, तिचा ढोलकरी मित्र जाद आणि बेस वाजवणारा नाइल असा तिघांचा बँड होता. सराव चाले लामियाच्या नझीरा मावशीच्या बैठकीच्या खोलीत, तिसऱ्या मजल्यावर. सरकारी वीज दिवसातून दोन तास आली तर नशीब. बाकी वेळ गल्लीतल्या जनरेटरवर, आणि मावशीची जोडणी सगळ्यांत लहान, पाच अँपिअरची. पाच अँपिअरमध्ये फ्रिज चालतो, दिवे लागतात. पण पाणी तापवायचा हीटर लावला की बाकी सगळं बंद करायचं, नाहीतर खाली जिन्याजवळचा खटका पडतो आणि घर अंधारात जातं. म्हणून आमच्या गल्लीत घरोघरी एक रीत आहे. हीटर लावण्याआधी "लावतेय हं!" अशी हाळी द्यायची. बँडनेही आपलं नाव ठेवलं 'पाच अँपिअर'.

पहिला अल्बम त्याच खोलीत झाला. चौथ्या गाण्याच्या वेळी मावशीने हाळी दिली होती, पण माझ्या आवाजापुढे ती कुणाला ऐकू जाणार? हीटर लागला, खटका पडला. माझा आवाज कण्हत कण्हत खाली गेला. लॅपटॉप बॅटरीवर होता, त्यामुळे रेकॉर्डिंग चालूच राहिलं. लामिया गातच राहिली, जाद वाजवतच राहिला, आणि न्हाणीघरातून मावशी कडाडली, "मेल्यांनो, तोंडाला साबण लागलाय माझ्या!" नाइल तीन मजले धावत उतरला आणि त्याने खटका वर केला. माझे व्हॉल्व्ह अजून गरम होते. शेवटच्या कडव्याला मी असा चढत आलो की माझा मलाच अभिमान वाटला.

त्यांनी ते तसंच ठेवलं. पुढे काय झालं ते साऱ्या बैरूतला ठाऊक आहे. वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं. कार्यक्रमात हजार माणसं एका सुरात साबणाचं ओरडायची. भाजीवाला मावशीला लिंबं जास्त द्यायला लागला. मीही फुगलो होतो, खोटं कशाला बोलू!

मग आला दुसरा अल्बम, आणि इथून माझं डोकं तापायला लागतं.

रेकॉर्ड कंपनीने डोंगरावर स्टुडिओ घेऊन दिला. तिथे वीज कधी जात नसे. कंपनीचा सिरील नावाचा निर्माता सगळं ठरवायचा. लामियाने नवं गाणं आणलं होतं, मावशीवरचंच. शाळेच्या फाटकाशी छत्री घेऊन उभी असलेली मावशी. हळू, साधं गाणं. मी ते घोरत घोरत वाजवलं आणि मला ते मनापासून आवडलं.

सिरील म्हणाला, "सुंदर. पण तो क्षण कुठाय?"

"कुठला?"

"साबण! लोक त्याचीच वाट बघतायत."

ज्या शहरात वीज गेली की म्हातारी माणसं पाण्याचे कॅन घेऊन सहा-सहा मजले चढतात, तिथे हे लोक हौसेने वीज घालवायला लागले! गाण्याच्या मध्येच माझं बटण खाली, मग वर. पुन्हा खाली, पुन्हा वर. चूक एकदा घडली म्हणून गोड होती. तिला घाण्याला जुंपली की तिचं काय उरतं? पण अँप्लिफायरला विचारतो कोण!

एवढ्यावर भागलं नाही. त्यांनी मावशीला बोलावून घेतलं. ती लग्नाला जावं तशी आली, केस सेट केलेले, निळा पोशाख, सगळ्यांसाठी झातर मसाला लावलेल्या गरम मनूशे रोट्यांचं पुडकं. तिला माईकसमोर उभं केलं. ती ओरडली.

"मावशी, अजून चिडा," सिरील म्हणाला.

"कशावर चिडू बाळा? तोंडाला साबणच नाही."

तो हसला आणि त्याने खरंच साबणाचा फेस मागवला. मावशीने लामियाकडे पाहिलं. लामिया जमिनीकडे बघत होती. मग तिच्यासाठी मावशीने तो फेस तोंडाला लावून घेतला. पावडर ओघळली, निळ्या पोशाखावर पांढरे डाग पडले. मला हातपाय असते तर मी त्या दिवशी कुणाला सोडलं नसतं.

अकराव्या वेळी माझा फ्यूज उडाला. मी 'पुरे' म्हणालो होतो, मित्रांनो. दुसरा फ्यूज नव्हता. "अजून एकदाच," सिरील म्हणाला. आणि लामियाने, त्या मान डोलावणाऱ्या लामियाने, जादच्या सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद काढला, उडालेल्या फ्यूजभोवती गुंडाळला आणि माझ्या पाठीत खुपसला.

पुढच्या वेळी माझा ट्रान्सफॉर्मर जळाला. धूर निघाला. डोळ्यांत साबण गेलेली मावशी जिवाच्या आकांताने किंचाळली, "लामिया, बाजूला हो!"

"हाच!" सिरील टाळ्या पिटत म्हणाला. "हाच तो आवाज!"

मावशीने बाहीने तोंड पुसलं आणि ती निघून गेली.

अल्बम आला. त्यात माझं मरण आहे आणि तिची किंकाळी आहे. लोक आठवडाभर ओरडले आणि मग जुनंच गाणं मागायला लागले. मावशीने लामियाला दार उघडणं बंद केलं. नाइलने मला उस्तांच्या दुकानात पोचवलं आणि तिथल्या फळीवर मी आठ महिने धूळ खात पडलो.

एका दुपारी लामिया दुकानात आली. उस्तांनी माझी पाठ उघडली, काळा पडलेला कागद चिमट्याने काढला आणि तिच्यापुढे ठेवला.

"त्या सिरीलने केलं?"

"नाही उस्ता. त्याने फक्त अजून एकदा म्हटलं. केलं मी."

उस्तांनी जळालेला ट्रान्सफॉर्मर काढून हातात घेतला.

"पहिल्यासारखा होईल?" तिने विचारलं.

"नाही. तार नवी, आवाज वेगळा."

"होईल तसा करा."

दुरुस्ती झाल्यावर ती मला उचलून मावशीकडे, तिसऱ्या मजल्यावर घेऊन गेली. मावशीने दार उघडलं, आधी मला पाहिलं. "डबा आत ठेव. तुझं काय करायचं ते मी ठरवते."

"मावशी, चुकलं माझं."

"ते मला माहीत आहे, कार्टे. तुला कळलं का, एवढंच बघत होते."

मित्रांनो, माझा राग अजून गेलेला नाही. वस्तूला तोंड नसतं, पण ती 'पुरे' म्हणते. माणसं तर तेही म्हणत नाहीत, नुसती तुमच्याकडे बघतात. तेव्हा जमिनीकडे बघू नका.

परवा लामिया छत्रीचं गाणं वाजवत होती. मी नव्या, जरा खरखरीत आवाजात साथ देत होतो. ऐन कडव्यात न्हाणीघरातून हाळी आली, "लावतेय हं!"

या वेळी ती लामियाला ऐकू गेली. तिने गाणं अर्ध्यावर सोडलं, माझं बटण स्वतःच्या हाताने बंद केलं आणि मांडीवर गिटार घेऊन, मावशीची अंघोळ होईपर्यंत गप्प बसून राहिली.