तिसरी नोंद

मेल्यावरही मला तीच नोकरी मिळाली. जिवंतपणी वेधशाळेत निरीक्षक होतो, इथेही तेच. फक्त इथलं हवामान समुद्रावरून येत नाही, जिवंत माणसांच्या घरांतून येतं. तिकडच्या प्रत्येक घराचं जुळं घर इकडे आहे आणि तिथे जे घडतं ते इथल्या छपरावर उमटतं. माणसं हसली की ऊन, रडली की पाऊस. न बोललेलं मनात साचत गेलं की हवेचा दाब उतरतो. ते सगळं एकदम भांडण होऊन फुटलं तर वीज पडते. वीज पडलेल्या घरात जो कुणी असेल तो विखुरतो. मग तो पुन्हा कुणालाच भेटत नाही.

आमच्या घरात माझी बायको राहते. माझ्या सहा वर्षं आधी आली.

त्या दुपारी आमची दोन्ही मुलं तिकडचं घर रिकामं करायला आली होती. थोरला माझ्या अंत्यविधीला उशिरा पोहोचला, तेव्हापासून धाकटा त्याच्याशी एक शब्द बोललेला नाही. मी आमच्या घराचं दाबाचं यंत्र पाहिलं. बावीस.

मी कुठलीही नोंद तीनदा घेतो आणि सरासरी लिहितो. स्वतःच्या डोळ्यांवर माझा कधी विश्वासच नव्हता. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. एकोणीस. पुन्हा पुसला. पंधरा.

सोळाच्या वर पिवळं निशाण, म्हणजे नुसतं सावध राहा; खाली गेलं की लाल, म्हणजे घर सोडा. सरासरी आली अठराच्या वर.

"पिवळं ना?" निशाणवाल्याने दोरी हातात घेतलीच होती. "काल पिवळं, सकाळी पिवळं, आता पिवळं. कावीळ झालीय आपल्या वेधशाळेला."

"पिवळंच लाव. माझी नजर जरा..."

लिहिता लिहिता पेन थांबलं. नजर चुकत असती तर आकडा कधी वर, कधी खाली गेला असता. हा दर वेळी खालीच आला होता. माझे डोळे ठीक होते. दाब कोसळत होता आणि मी त्याची सरासरी काढत बसलो होतो.

आजवर किती वेळा असंच केलं असेल? तो विचार तिथेच टाकून मी उठलो.

"लाल! लाल लाव!" जिना उतरतानाच ओरडलो.

गल्लीत वाऱ्याचं नाव नव्हतं. शेजाऱ्यांच्या कौलांवर लख्ख ऊन, आणि आमच्या छपरावर तेवढं काळंकुट्ट आभाळ, हात लागेल इतकं खाली. धावण्याची सवय नव्हती. दोनदा ठेचकाळलो.

ती स्वयंपाकघरात पातेलं घासत होती.

"अगं, बाहेर ये. वीज पडणार आहे."

"चपला तरी काढा दारात." तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "जन्मभर ऐकतेय. तुमच्या वादळांच्या भीतीने किती वेळा ओले कपडे दोरीवरून आत आणले मी! एक तरी वादळ आलं का?"

"आत्ता पडणार आहे. या घरावर."

तिचा हात थांबला.

"नेहमीसारखं 'बहुतेक' म्हणाला नाहीत," ती म्हणाली.

"नाही."

तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि पातेलं हातात तसंच घेऊन निघाली. मी तिचा दंड धरून तिला अक्षरशः ओढत होतो. फाटकाबाहेर चार पावलं गेलो असू, तेवढ्यात सगळं पांढरं झालं. कानठळ्या नंतर बसल्या. मागे वळलो तेव्हा स्वयंपाकघराची एक भिंत उभी होती. बाकी काही नव्हतं.

ती रस्त्यातच खाली बसली. बराच वेळ त्या भिंतीकडे बघत राहिली.

"काय बोलली असतील हो पोरं एकमेकांना?"

तेवढ्यात तिच्या मांडीवरच्या पातेल्यात टप्पकन आवाज झाला. मग दुसरा. मग सरीवर सर.

"रडतायत," ती म्हणाली आणि पातेलं दोन्ही हातांनी वर धरलं. पुष्कळ वेळाने ते माझ्यापुढे केलं. "बघा, किती झाला?"

चष्म्यावरून पाणी ओघळत होतं. मी तो पुसला नाही. वाकून एकदाच पाहिलं.

"दोन बोटं," मी म्हणालो.