नाचणीच्या सत्त्वाला गिऱ्हाईक

कारखान्यातली कायमची नोकरी सोडून नाचणीचं सत्त्व डब्यात भरून विकायचं, हे अर्जुनरावांच्या डोक्यात बसलं तेव्हा त्यांच्या बायकोनं, इंदुमतीनं, आधी घरचा हिशेब मांडला. नोकरी गेली की पिंपरीतलं क्वार्टर गेलं. पोर अजून रांगत होतं.

"आधी घेणार कोण, ते तरी बघू या," ती म्हणाली. कॉलेजात अर्थशास्त्र शिकलेली. गिऱ्हाईक नसताना माल काढू नये, एवढं तिला कळत होतं.

"मग विचार की. संक्रांतीचं हळदीकुंकू आहेच. साऱ्या आया आयत्या घरी येतील."

आल्या. इंदुमतीनं प्रत्येकीच्या हातावर तिळगूळ ठेवला, वाटीत सत्त्वाची खीर चाखायला दिली आणि विचारलं, "तयार डबा मिळाला तर घ्याल?"

"घेऊ की! भिजवा, मोड आणा, वाळवा, दळा, वस्त्रगाळ करा... जीव जातो नुसता!" कुसुमताई सगळ्यांत मोठ्यानं म्हणाल्या. त्या राहायच्या गावात, भाड्याच्या खोलीत; यजमान त्याच कारखान्यात, क्वार्टर कधी मिळतंय याची वाट बघत. "माझा डबा बाजूला ठेवाच हं."

एकही बाई नको म्हणाली नाही. अर्जुनरावांनी राजीनामा दिला, चिंचवडला शेड घेतली, चक्की बसवली.

डबे पडून राहिले. इंदुमती पोराला कडेवर घेऊन दारोदार फिरली.

"विकतचं पाजलं तर सासू म्हणेल, सुनेचे हात मोडले का?" असं म्हणून एकीनं दार लोटून घेतलं.

कुसुमताई तर हसल्याच. "अहो, संक्रांतीला तोंडावर नाही कोण म्हणेल? एवढं शिकलात आणि विचारायला नेमका तोच दिवस काढलात?"

हे घरी सांगितलं, तर अर्जुनराव तिच्याकडे न बघताच म्हणाले, "विचारलं कुणी होतं? तूच ना?"

दिवस तुम्हीच सुचवलात, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण पोर दचकून रडायला लागलं आणि ती त्याला थोपटत राहिली.

क्वार्टर सोडण्याची नोटीस आली. सामान बांधून होतंय तोवर कुसुमताई सुतळीचा तुकडा घेऊन दारात.

"आम्हालाच मिळालं, बरं का! पलंग बसतोय का बघते."

त्यांनी एकेक भिंत मापली. मग कोपऱ्यात इंदुमती पोराला भरवत बसली होती, तिथं येऊन उभ्या राहिल्या.

"जरा सरकता का? एवढीच राहिलीय."

इंदुमती पोराला उचलून सरकली.