वाईच म्हंजे वाईच

गणपतरावांनी 'बोलीघर' ही साईट उभी केली तेव्हा नियम एकच होता: दुसऱ्यानं घातलेला शब्द खोडायचा तर आधी त्याला विचारायचं. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता. दुसऱ्याच्या ताटात हात घालू नये, हे काय लिहून ठेवतात? कोल्हापूरच्या आसपासची चार माणसं घरातले शब्द आणून घालायची, आणि प्रत्येक शब्दाखाली तो बोलणाऱ्याचा आवाज असायचा, नाव-गावासकट. कुणाचं चुकलं तर तो आपणहून खाली लिहायचा, 'माझं चुकलं', आणि दोन दिवस तोंड दाखवायचा नाही.

'वाईच', म्हणजे जरासं, या शब्दाखाली शालूबाईंचा आवाज होता. गणपतरावांची बायको, माहेर कुरुंदवाड. नवऱ्यानं मोबाईल तोंडापुढं धरून अर्थ विचारला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "वाईच म्हंजे वाईच. खुळ्यागत काय बी इचारताय." मग हसणं, आणि हसताहसता खोकला. त्याच खोकल्यानं पुढं त्या गेल्या. त्यांचा दुसरा आवाज कुठंच नव्हता. जुना मोबाईल गणपतरावांनी खुशाल बदलून टाकला, कारण आवाज साईटवर होता आणि साईटवरचं कोण कशाला पुसेल? दूध संस्थेचे सचिव म्हणून जन्म काढलेला माणूस, पण भरवसा टाकायच्या बाबतीत अगदीच कच्चा.

मग उचगावचा विजयसिंह आला. पोरगा चलाख, म्हणून गणपतरावांनीच हौसेनं सगळे अधिकार त्याच्या हातात दिले. त्यानं 'सगळ्यात जास्त शब्द कुणाचे' अशी पाटी साईटवर लावली आणि तिथून घाण सुरू झाली. पाटीवर वर चढायला लोक मशीनकडून शब्द लिहून घेऊन ओतू लागले, जुने खोडून त्याच जागी आपल्या नावानं. एके दिवशी 'वाईच'खाली लिहिलेलं दिसलं, 'वाई या गावावरून आलेला शब्द'. आवाज गायब होता.

गणपतरावांनी चर्चेच्या पानावर विचारलं, 'कुणी खोडलं? माझ्या बायकोचा आवाज होता तो.' पूर्वी एवढ्यावर माना खाली जायच्या. आता खाली हसरी तोंडं उमटली. एकानं लिहिलं, 'आजोबा, पुरावा द्या. बायको म्हंजे पुरावा न्हवं.' त्याला सगळ्यात जास्त अंगठे मिळाले. जुन्यांपैकी कुणीही बोललं नाही, कारण पाटीवर त्यांचीही नावं होती.

मग गणपतराव आपल्या गडमुडशिंगीहून थेट उचगावला गेले. समोर उभं राहिलं की पोराला लाज वाटेल, असा त्यांचा हिशेब. पण लाज त्या घरात औषधालाही नव्हती. विजयसिंह पाया पडला, चहा सांगितला.

"वाईचचा आवाज कुणी काढला?"

"मीच की. आवाजाच्या फाईली जड हुत्या काका, साईट चालंना. सगळ्याच उडवल्या."

"इचारायचं न्हाईस?"

"कुणाकुणाला इचारत बसू?"

"परत मिळंल का?"

"न्हाय. पण काकूंचा एखादा व्हिडिओ असला तर द्या. मशीन सेम आवाज काढतंय, पायजे ते बोलतंय."

त्याच्या थोबाडीत द्यावी असं गणपतरावांना वाटलं. तेवढ्यात विजयसिंहचा फोन वाजला. डीजेच्या दणक्यावर शालूबाई बोलत होत्या. "वाईच म्हंजे, वाईच म्हंजे, वाईच म्हंजे वाईच." मधे त्यांचा खोकला कापून ठेका म्हणून बसवला होता.

विजयसिंहनं कॉल कट केला. "उडवायच्या आदी पोरांनी रील केलतं. लई चाललं, म्हणून रिंगटोनच लावली. काकू फेमस झाल्या की. पाठवू का तुमाला?"

"नको," म्हणून गणपतराव चहा तसाच ठेवून उठले. असल्याच्या हातून बायकोचा आवाज घ्यायची त्यांना लाज वाटली.

ती लाज गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत टिकली. तिथून ते माघारी वळले, विजयसिंहच्या खिडकीखाली भिंतीला टेकून उभे राहिले आणि त्याचा नंबर लावला. आत डीजे वाजला, खोकला वाजला, आणि सगळ्यात शेवटी, ठेका थांबल्यावर, शालूबाई म्हणाल्या, "खुळ्यागत काय बी इचारताय."

"हां, काका?" विजयसिंहनं फोन उचलला.

गणपतरावांनी कट केला. वाईच थांबले आणि पुन्हा लावला.