ओल्या फडक्याखालची गंगी

मी मातीची गंगी बोलतेय. हळू बोलते, कारण जोरात बोलले तर तडा जाईल अशी मला धास्ती असते. मला दचकायला तसं फार लागत नाही. नारळाचं झाप पत्र्यावर पडलं तरी वाटतं, संपलं आपलं.

सोमवारी संध्याकाळी माझ्या डाव्या कानावर थेंब पडला नाही. तिथून सगळं बिनसलं.

मला घडवणारे लाहूमास्तर रोज सकाळ-संध्याकाळ माझ्या अंगावरच्या फडक्यांवर पाणी मारतात. पहिला थेंब कायम डाव्या कानावर, मग खांदे, मग पाठ. सोमवारी दुपारी ते म्हणाले, "तलासरीहून प्लास्टरच्या गोणी घेऊन येतो. आलो की पाणी मारतो." स्कूटर गेली. त्यांचा बटणांचा फोन टेबलावरच राहिला. मी हाक मारली, "मास्तर, फोन!" पण मातीची हाक कितीशी लांब जाणार?

माझा जन्म नरपडच्या एका चिकूवाडीतल्या शेडमध्ये झाला. पूर्वी इथे चिकूचे क्रेट ठेवत. आधी लोखंडी सळ्यांचा सांगाडा उभा राहिला, त्यावर सुतळी, आणि मग थापीथापीने मी. अंगात हाडं नसताना मास्तरांनी मला प्रत्येक हाडाची जागा दिली. गळ्याजवळच्या आडव्या हाडाला नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी त्यांनी ते मोडलं आणि पुन्हा केलं.

ही सवय त्यांना घरातून लागली. उधवा गावात त्यांचे वडील, काकड्या नावाचे, लोकांची मोडलेली हाडं बसवायचे. झाडावरून पडलेला माणूस झोळीतून आला की छोट्या लाहूने त्याचा हात धरायचा आणि वडिलांनी सांगितलेलं हाड बोटाने शोधायचं. माणूस ओरडायचा. वडील म्हणायचे, "ओरडू दे. तू हाड सोडू नको." पुढे मुंबईच्या कला महाविद्यालयात मास्तरांनी शरीराची पुस्तकं पाठ केली, पण अजून कुणीही भेटलं की ते आधी खांदे बघतात, मग तोंड. त्यामुळे ओळखीचे लोक त्यांना ओळख न दाखवता गेल्याबद्दल बोल लावतात.

पोटासाठी मास्तरांनी अकरा वर्षं पुढाऱ्यांचे पुतळे केले. सगळे कोटातले, सगळ्यांचा एक हात वर. मास्तर आधी उघडा देह करत, बरगड्या, पाठीचे स्नायू, सगळं; आणि मग त्यावर कोट चढवत. वाडीचे मालक नविनभाई एकदा म्हणाले, "लाहूभाई, आतलं कोण बघणार?"

"कोटाला कळतं," मास्तर म्हणाले.

मला करायला मात्र कुणी सांगितलेलं नाही. डोक्यावर टोपली आणि ती धरायला वर गेलेला उजवा हात, अशी मी त्यांनी आपल्या मनाने केलेली पहिली बाई. शनिवारी माझ्यावर प्लास्टरचा साचा चढणार होता. तोवर मी ओली राहिले तर मी राहिले. सुकले तर भेगा पडून ढासळणार, आणि मग बादलीतला चिखल. मास्तर एकसष्ट वर्षांचे आहेत. तुला पुन्हा पहिल्यापासून करणं आता झेपायचं नाही, असं ते स्वतःच मला म्हणाले होते.

मंगळवारी दहाला खरी गंगी आली. तिच्यावरूनच मी घडले. ती वाडीत चिकू वेचते आणि मंगळवारी-गुरुवारी मास्तरांसमोर तासभर उभी राहते. मास्तरांचे तीन नियम तिला पाठ आहेत: फडकं काढायचं नाही, मूर्तीला हात लावायचा नाही, आणि उभं राहिल्यावर हलायचं नाही.

"मास्तर?" तिने विचारलं. कुणी बोललं नाही. तिने घड्याळ बघितलं, रिकामी टोपली डोक्यावर घेतली, उजवा हात वर केला आणि उभी राहिली. मास्तर नसताना.

थोड्या वेळाने टेबलावर फोन वाजला. गंगीने डोळे फोनकडे वळवले. मान नाही वळवली. फोन वाजून वाजून थांबला. मग परत. मी जिवाच्या आकांताने म्हणत होते, "उचल बाई, उचल." पण ती कामाच्या वेळेत हलत नाही. तास झाला, टोपली खाली ठेवली, दार ओढून घेतलं, गेली.

बुधवारी नविनभाई डोकावले. "लाहूभाई, कुठे छो?" म्हणत आत आले. फडक्याखाली मला बघून हळहळले. "केवढी गरमी! हिला पण उकडत असेल." आणि भल्या मनाने त्यांनी पंखा लावला. पाचावर.

त्या माणसाबद्दल माझ्या मनात काही नाही. पण बारा तासांत माझी फडकी पापडासारखी झाली. काखेत पहिली भेग गेली. टक् असा आवाज झाला, आणि त्या आवाजानेच मी इतकी दचकले की दुसरी गेली.

गुरुवारी दहाला गंगी आली. पंखा बघून तिला बरं वाटलं. टोपली, हात, उभी. आम्ही दोघी समोरासमोर, सारख्याच. मी हाक मारायला लागले. माझ्याकडे एकच आवाज होता. टक्.

"पाल चुकचुकली," गंगी पुटपुटली.

टक्. टक्.

"आज काय लावलंय गो हिने?"

मग माझी करंगळी पडली. गंगीने ती पडताना बघितली. तिचे ओठ हलले, पण हात वरच. "मना सांगलंय, हलायचं नाय," ती मला समजावत होती, की स्वतःला, कळेना. तिने टोपलीवरची बोटं घट्ट केली. माझा हात मात्र सैल होत होता.

तेवढ्यात फोन वाजला आणि त्याच क्षणी माझा उजवा हात कोपरापासून सुटून फडक्यासकट खाली आला. धप्प.

गंगीच्या डोक्यावरून टोपली पडली. बहुतेक पहिल्यांदाच. ती धावली, मधेच थांबली, मग फोन उचलला.

"हॅलो," मास्तरांचा आवाज. "कोण? गंगी? अगं, दहा वाजलेत. तू हललीस कशी?"

"मास्तर, तिचा हात पडला! तुम्ही कुठं?"

"दवाखान्यात. स्कूटर घसरली. तीन दिवस सिस्टरच्या फोनवरून लावतोय, मला माझ्याशिवाय कुणाचा नंबर पाठ नाही. फडकी ओली आहेत का?"

"नाय मास्तर. कडक झाल्यात."

मग मास्तर म्हणाले, "गळ्याजवळचं आडवं हाड बघ. आहे का शाबूत?"

"तुम्ही सांगलंय, फडकं काढायचं नाय."

"काढ, गंगी."

तिने फडकं उचललं. दोन महिन्यांत मला हात लावणारी ती दुसरी. खरखरीत, चिकूच्या चिकाने काळं पडलेलं बोट माझ्या गळ्याखालून खांद्यापर्यंत गेलं. ते माझंच बोट होतं.

"हाय, मास्तर. सगळं हाय."

"मग ती वाचेल. हात मी परत करीन." मास्तर पुढे म्हणाले, "माझं तेच हाड मोडलंय. डावं. ते इथे बसवतील. तू तिचं बघ. पंखा चालू आहे का? बंद कर. आणि पाणी. आधी डाव्या कानावर."

फोन तसाच टेबलावर ठेवून गंगीने पंखा बंद केला. शेडमध्ये एकदम शांत झालं. मी पुन्हा एकदा हाक मारली, असेल नसेल ती ताकद लावून. टक्.

या वेळी तिने पालीचं नाव घेतलं नाही. बादलीत फडकं बुडवता बुडवता मागे वळून म्हणाली,

"आले गो बाय, आले."