सोमवारचा सांधा

शेजाऱ्याच्या शेततळ्यात मागच्या उन्हाळ्यात हरणाचं पाडस बुडून मेलं. तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या पन्नीवर खूर ठरत न्हाई, वर यावं कसं त्यानं? मी तवाच बोलले, माझ्या पडीक तुकड्यात जनावरांसाठी तळं होईल, पण मातीचं आन उतरत्या काठाचं. लेक विश्वंभर म्हणे, "आई, माती पाणी धरत न्हाई." शेवटी ठरलं, पाणी टिकलं न्हाई तर मंगळवारी जवळा बाजारहून पन्नी येणार.

वीटभट्टीवाल्या लतीफनं गावतळ्यातला चिकट गाळ आणला. थर टाकायचा, शिंपायचा, बैलांनी तुडवायचा, वर पुन्हा थर. बारा दिवस हेच. मग रविवारी तळं भरून काठी रोवली, तिच्यावर पाण्याची खूण केली.

सोमवारी सकाळी पाणी खुणेखाली वीतभर.

"लतीफ, तुझा गाळ फितूर निघाला," मी सगळ्यांदेखत बोलले. "विटांसंगं अक्कल बी भाजलीस का?"

तो काठावर जाऊन बसला. दुपारपर्यंत पाणी आणखी चार बोटं उतरलं आन थांबलं. तिथंच त्यानं बोट ठेवलं. "मावशी, हितं बघा."

केसाएवढी भेग, तळ्याला वेढा घालून गेलेली.

"खालचा थर वाळल्यावर वरचा पडलाय. मागच्या सोमवारी काम काहून बंद होतं?"

सून पुनम माझ्याकडं बघेना. सोमवार महादेवाचा, आमच्यात बैल जुंपत न्हाईत. काम मीच थांबवलं होतं. वैशाखाचं ऊन कुणासाठी थांबतंय?

"गाळ चांगला हाय तुझा," मी लतीफला म्हणाले. "चूक माझी."

विश्वंभर म्हणाला, "आज बी सोमवारच. सोड आता."

"सोमवार बैलाला हाय." मी लुगडं खोचून भेगेवर उतरले. "माझ्या पायाला कुठला वार?"

मागून पुनम उतरली, मग लतीफ. विश्वंभर उशिरा आला, पण आला. ओला गाळ भेगेत दाबत, तुडवत आमी तळ्याला फेऱ्या घातल्या. दिवस कलताना मोटार लावून पाणी पुन्हा खुणेला आणलं.

मंगळवारी पन्नीचा टेम्पो बांधावर हॉर्न वाजवत उभा. आमी चौघं काठीवर वाकलो. अर्धं बोट कमी.

"उतरलंच की," पुनम हळूच म्हणाली.

"एवढं तर नवी माती पिणारच," लतीफ म्हणाला.

विश्वंभरनं भेगेच्या जागी हात घालून चाचपलं. लई वेळ. मग टेम्पोवाल्याला ओरडला, "परत ने!"

"आन पाणी गेलं तर?" टेम्पोवाल्यानं विचारलं.

"आई पुन्हा तुडवंल."

मी ऐकलंच न्हाई असं दाखवलं. पाय सुजून भोपळे झाले होते, बांधापर्यंत बी चालवंना.